पेसमेकरचा वेग, माणसाचा दम

पेसमेकर बसवून महिना-दोन महिने झाले की रुग्ण तपासणीला येतो, तेव्हा त्याचे म्हणणे बहुधा दोन वाक्यांत मावते. चक्कर यायची थांबली. पण चढ लागला की दम लागतोच. पहिल्या वाक्याने डॉक्टर निश्चिंत होतात. दुसऱ्या वाक्याचे काय करायचे, याचा निकाल गेल्या चाळीस वर्षांत लागलेला नाही. ज्यांना हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे ज्यांचे हृदय कमजोर किंवा ताठर झाले आहे, अशा रुग्णांच्या पेसमेकरची सेटिंग बदलून त्यांची चालण्याची आणि कामाची ताकद वाढवता येते का? येत असेल तर कोणाची? अलीकडे या प्रश्नावर चांगल्या आखणीच्या चाचण्या झाल्या आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत. म्हणूनच हा विषय आज मुळापासून पाहण्याजोगा झाला आहे.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हा प्रश्न जास्त टोचतो. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर आसनगावच्या पुढचे स्टेशन आटगाव. तिथून आत शहापूर तालुक्यातले पाडे आणि पलीकडे मुरबाड तालुका, इथे व्यायाम अशी वेगळी गोष्ट फारशी नसते, अंगमेहनत असते. उन्हाळ्यात राब भाजण्यासाठी कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडून आणायची, पावसाळ्यात चिखलणी आणि लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी-झोडणी. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत, तरी इथल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत पाणी लांबून, चढावरून डोक्यावर आणावे लागते. शहरातल्या रुग्णाला दम लागला तर तो लिफ्ट घेतो. इथे दम लागला म्हणजे हंडा कोणी आणायचा, हा प्रश्न घरात उभा राहतो.

ठरावीक ठोक्यांपासून सेन्सरपर्यंत

पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांना बसवला गेला. यंत्र रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवले होते, शस्त्रक्रिया ओके सेनिंग यांनी केली. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन यांनी पुढच्या आयुष्यात वीसहून अधिक यंत्रे वापरली आणि ते २००१ पर्यंत जगले. त्या काळच्या पेसमेकरचे काम एकच होते: हृदय थांबू द्यायचे नाही. माणूस झोपला असो की जिना चढत असो, ठोके तेवढेच.

निरोगी माणसात असे नसते. विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलते. जोराच्या श्रमात हे प्रमाण तिप्पट-चौपट होते. या वाढीतला मोठा वाटा ठोक्यांची संख्या वाढण्याचा असतो. काही रुग्णांत हृदयाचा नैसर्गिक वेगच श्रमाबरोबर पुरेसा वाढत नाही. वयाच्या मानाने अपेक्षित कमाल वेग ढोबळमानाने २२० वजा वय असा काढतात. त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतही वेग पोचला नाही तर तो अपुरा समजला जातो. साठ वर्षांच्या माणसाचा अपेक्षित वेग १६०, म्हणजे त्याने निदान १२८ गाठायला हवे. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी हा उंबरठा आणखी खाली धरतात, कारण ते औषधच वेग रोखते.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९८० च्या दशकात रेट रिस्पॉन्स पेसमेकर आले. त्यात शरीराची हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. हालचाल वाढली की यंत्र ठोके वाढवते. कल्पना सरळ होती, पण सेन्सरला श्रम दिसत नाहीत, फक्त हालचाल दिसते. जुन्या सेन्सरना कंपने कळत, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर गाडीत नुसते बसलेल्या माणसाचेही ठोके वाढत. पुढे आलेल्या अॅक्सिलरोमीटरमध्ये ही चूक बरीच कमी झाली, तरी एक मूळ अडचण राहिली. जिना उतरताना धडाला जास्त हिसके बसतात, चढताना कमी. म्हणून असा पेसमेकर उतरताना जास्त ठोके देतो आणि चढताना कमी. श्रम नेमके उलटे असतात.

डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चढ चढणारी बाई इथे डोळ्यांपुढे आणावी. हंडा हिंदकळू नये म्हणून ती मान आणि धड स्थिर ठेवते, पाऊल सावकाश टाकते. तिचे स्नायू जोराने काम करत असतात आणि छातीतल्या सेन्सरला मात्र ती जेमतेम चालताना दिसते. श्वासाचा वेग आणि खोली छातीतल्या विद्युतरोधावरून ओळखणारे सेन्सर किंवा हृदयाच्या आकुंचनाचा अंदाज घेणारे सेन्सर अशा वेळी अधिक जवळचे उत्तर देतात. पण ते सगळ्याच पेसमेकरमध्ये नसतात.

पहिली बाजू : वेग वाढवा

वेग वाढत नाही म्हणून दम लागतो, तर वेग वाढवा. हा युक्तिवाद सहज पटणारा आहे आणि त्याला आधारही आहे. हाँगकाँगमध्ये हंग-फॅट त्से आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाच्या खालच्या दोन्ही कप्प्यांना एकाच वेळी चालना देणारे यंत्र, म्हणजे सीआरटी, बसवलेले २० रुग्ण त्यात होते. ज्यांचा वेग श्रमात फारच कमी वाढत होता, अपेक्षित कमाल वेगाच्या ७० टक्क्यांखाली राहत होता, त्यांना रेट रिस्पॉन्स चालू केल्याचा व्यायाम-चाचणीत फायदा झाला. ज्यांचा वेग बऱ्यापैकी वाढत होता, त्यांच्याबाबतीत तसा फायदा दिसला नाही. रुग्णसंख्या लहान, पण फायदा सगळ्यांना नाही, ठरावीक गटाला आहे, ही पुढे वारंवार भेटणारी गोष्ट इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसली.

सीआरटीचे मूळ यश वेगाशी निगडित नव्हते, ते जुळणीशी होते. २००२ च्या मिरॅकल चाचणीत ४५३ रुग्ण होते. सहा महिन्यांनी सीआरटी चालू असलेल्यांचे सहा मिनिटांत चालण्याचे अंतर ३९ मीटरने वाढले, बंद ठेवलेल्यांचे १० मीटरने. पंपिंग कमी असलेल्या आणि डाव्या बाजूचा विद्युतमार्ग अडलेल्या रुग्णाची चाल यंत्राने सुधारते, हे तिथे सिद्ध झाले. आता त्यावर आणखी भर सेटिंगने घालता येईल का, इथून पुढचा वाद सुरू होतो.

दुसरी बाजू : कमजोर हृदयाला घाई सोसत नाही

१८७१ मध्ये हेन्री बाउडिच यांनी लाइपझिगमध्ये दाखवले होते की हृदयाच्या स्नायूला लागोपाठ चालना दिली की प्रत्येक आकुंचनाचा जोर पायरीपायरीने वाढतो. ठोके वाढले की जोरही वाढतो, असा हा निरोगी हृदयाचा गुण. कमजोर हृदयात तो राहत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात मुलिएरी, हासेनफुस आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या हृदयस्नायूच्या पट्ट्यांवर प्रयोग केले. निरोगी पट्टीचा जोर मिनिटाला सुमारे १७० वेळा आकुंचन होईपर्यंत चढत गेला. कमजोर हृदयाच्या पट्टीचा जोर ८० च्या आसपासच ओसरू लागला. याचे कारण पेशीतल्या कॅल्शियमच्या हालचालीत आहे. आकुंचनासाठी सुटलेले कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घेण्याचे काम कमजोर स्नायूत मंदावते. पुढचा ठोका लवकर आला की साठा अर्धवटच भरलेला असतो.

हापशाचा दांडा घाईघाईने हापसला तर नळी भरायच्या आत दट्ट्या वर येतो आणि धार बारीक होते. कमजोर हृदयात वेग फार वाढला तर असेच होते.

औषधांचा अनुभवही याच बाजूने बोलतो. पंपिंग कमी असलेल्या रुग्णांत बीटा ब्लॉकरने आयुष्य वाढते, हे १९९९ च्या मोठ्या चाचण्यांपासून पक्के आहे. २०१० च्या शिफ्ट चाचणीत ६,५५८ रुग्णांवर आयव्हाब्रॅडीन या केवळ वेग कमी करणाऱ्या औषधाने रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटले. पेसमेकरच्या बाजूने सगळ्यात मोठा धक्का २००२ च्या डेव्हिड चाचणीने दिला. पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा हिस्सा) ४० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या ५०६ रुग्णांत एका गटाचे यंत्र दोन कप्प्यांना मिनिटाला किमान ७० ठोके देत होते, दुसऱ्या गटाचे ४० पर्यंत थांबून राहत होते. वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती यांपासून सुटलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ७३.३ टक्के राहिले, दुसऱ्यात ८३.९ टक्के. मात्र दोष ७० या आकड्याचा होता, की उजव्या कप्प्याला सतत दिलेल्या चालनेने हृदयाची जुळणी बिघडली त्याचा, हे त्या चाचणीला वेगळे करता आले नाही. बहुसंख्य तज्ज्ञ दुसऱ्या कारणाकडे बोट दाखवतात. हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

लीड्सचा मध्यम मार्ग

इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात क्लाउस विटे आणि जॉन गिएरुला यांच्या गटाने या प्रश्नाचा सर्वाधिक चिकाटीने पाठपुरावा केला आहे. २०१६ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष मांडले तेव्हा ते वेग वाढवणाऱ्यांच्या विरोधात होते: हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत श्रमात वेग कमी वाढतो खरा, पण व्यायामाची मर्यादा त्याने ठरत नाही. पेसमेकरने वेग वाढवून दिला तरी प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली नाही.

दोन वर्षांनी याच गटाने प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला. सगळ्यांचा वेग वयाच्या सूत्राने वाढवण्याऐवजी प्रत्येक हृदयाला कोणता वेग मानवतो, हे आधी पाहिले तर? सोनोग्राफीच्या यंत्राखाली पेसमेकरने ठोके टप्प्याटप्प्याने वाढवले, प्रत्येक टप्प्यावर डाव्या कप्प्याच्या आकुंचनाचा जोर मोजला आणि जिथे जोर ओसरू लागतो तो वेग टिपला. मग त्याच वेगाला वरची मर्यादा घालून दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अदलाबदलीच्या चाचणीत रुग्णालाही आणि मोजणाऱ्यालाही कोणती सेटिंग चालू आहे हे कळू दिले नव्हते. वैयक्तिक सेटिंगवर रुग्ण ट्रेडमिलवर जास्त वेळ चालले.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की विसंगती बरीचशी विरते. सरसकट वाढवलेला वेग काहींना पुढे नेतो, काहींना मागे खेचतो, आणि सरासरीत काहीच उरत नाही. ज्याला जेवढा सोसतो तेवढाच दिला तर फरक दिसू लागतो. तरी सोनोग्राफीवर आधारलेली ही मोजणी कुशल हातांवर अवलंबून आहे, आणि ट्रेडमिलवर वाढलेला वेळ वर्षानुवर्षे टिकतो का, त्याने भरती किंवा मृत्यू कमी होतात का, यांची उत्तरे त्या चाचणीच्या आवाक्यात नव्हती.

पंपिंग चांगले, तरी दम

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचे पंपिंग ठीक असते. त्यांचे हृदय ताठर असते. भरताना त्यातला दाब चढतो आणि फुप्फुसात पाणी साचू लागते. वयस्कर, उच्च रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांत हा प्रकार अधिक. या गटात २०२३ साली काही आठवड्यांच्या अंतराने दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि चर्चेला खरी धार आली.

पहिली व्हरमाँटचीच, मार्गारेट इन्फेल्ड आणि मार्कस मायर यांची मायपेस. आधीच पेसमेकर असलेल्या १०७ रुग्णांत अर्ध्यांचा किमान वेग नेहमीप्रमाणे ६० ठेवला, बाकीच्यांचा उंची आणि पंपिंग यांवरून काढलेल्या सूत्राने वाढवला. त्याचा मध्यक ७५ होता. वेग श्रमापुरता नव्हे, चोवीस तास वाढवलेला. उजव्या कप्प्याला एकट्याला चालना देणारी यंत्रे या अभ्यासात घेतली नव्हती, म्हणजे डेव्हिडमधली अडचण आधीच बाजूला काढली होती. वर्षभरात वाढीव वेगाच्या गटाचे जीवनमानाचे गुण सुधारले, हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी सुधारली, यंत्रात नोंदलेली रोजची हालचाल पाऊण तासाच्या आसपास वाढली आणि अनियमित ठोक्यांचे प्रमाण घटले.

दुसरी मेयो क्लिनिकची रॅपिड-एचएफ, योगेश रेड्डी आणि बॅरी बोरलॉग यांची. श्रमात वेग अपुरा वाढणारे २९ रुग्ण, प्रत्येकाला पेसमेकर बसवला, चार आठवडे रेट रिस्पॉन्स चालू आणि चार आठवडे बंद. चालू असताना श्रमातला वेग मिनिटाला १४ ने वाढला. पण प्राणवायूचा वापर वाढला नाही, कारण दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त २४ मिलिलिटरने घटले. ठोके जास्त, प्रत्येक ठोका लहान, बेरीज तीच.

वरवर या दोन चाचण्या एकमेकींना खोडतात. नीट पाहिले तर त्यांनी वेगवेगळे प्रश्न विचारले. मायपेसने विश्रांतीतला वेग बदलला आणि मुख्यतः रुग्णाच्या उत्तरांवर मोजमाप केले. रॅपिड-एचएफने श्रमातला वेग बदलला आणि फुप्फुसातल्या वायूंवर मोजमाप केले. मायपेस एकाच केंद्रात झाली, आणि वाढलेले ठोके रुग्णाला जाणवू शकतात, ही शंका तिच्याबद्दल घेतली जाते. रॅपिड-एचएफ फार लहान आणि थोड्या मुदतीची होती, ही तिच्याबद्दलची. यात तिसरी नोंद स्पेनमधली. २०२१ च्या प्रिझर्व्ह-एचआर अभ्यासात पालाउ, नून्येस आणि सहकाऱ्यांनी अशाच ५२ रुग्णांचे बीटा ब्लॉकर थांबवले. वेग आपोआप वाढला आणि प्राणवायू वापरण्याची क्षमताही वाढली. म्हणजे नैसर्गिकरीत्या वाढलेला वेग मदत करतो आणि यंत्राने वाढवलेला करत नाही, असे काही आहे का? की बीटा ब्लॉकर थांबल्याने वेगाखेरीज दुसरेही काही मोकळे होते? या प्रश्नावर जाणकारांचे एकमत नाही. ताठर हृदयाच्या रुग्णाला रक्तदाबासाठी सवयीने बीटा ब्लॉकर लिहिला जातो, त्या प्रथेकडे मात्र या निष्कर्षांमुळे पुन्हा पाहिले जाऊ लागले आहे.

अर्ध्यावर येणारी नाडी

वेगाच्या वादात एक साधी गोष्ट झाकली जाते, आणि व्यवहारात तीच अनेकदा रुग्णाला अडवते. दोन कप्प्यांच्या पेसमेकरमध्ये वरच्या कप्प्याचा प्रत्येक ठोका यंत्र ओळखते आणि खालच्या कप्प्याला पोचवते. यासाठी लागणारा थांबा आणि त्यानंतर वरच्या कप्प्याकडे डोळेझाक करण्याचा काळ, दोन्ही मिलिसेकंदांत ठरवलेले असतात. समजा थांबा १८० आणि डोळेझाक ३२०, बेरीज ५००. मिनिटात ६०,००० मिलिसेकंद, म्हणजे १२० ठोक्यांपर्यंत यंत्र बरोबर राहते. वरचा कप्पा १२१ वर गेला की दर दुसरा ठोका त्याच्या नजरेतून सुटतो आणि नाडी एकदम ६० वर कोसळते.

चढाच्या मध्यावर, जिथे ठोक्यांची खरी गरज, तिथेच माणूस मटकन बसतो. तपासणीत पाठीवर झोपवलेल्या रुग्णाची नाडी सुरेख असते. हा दोष शोधायला चालवून पाहणे किंवा यंत्रातली वेगाची नोंद, म्हणजे रेट हिस्टोग्रॅम, वाचणे एवढे पुरते; दुरुस्ती काही मिनिटांची. तरुण, कष्टकरी रुग्णात पूर्ण हार्ट ब्लॉकसाठी पेसमेकर बसवला असेल तर कारखान्यातून आलेली १२० किंवा १३० ची वरची मर्यादा आवर्जून तपासावी लागते. या मुद्द्यावर तज्ज्ञांत वाद नाही.

सीआरटीच्या रुग्णांत याचेच दुसरे रूप दिसते. यंत्राने खालच्या दोन्ही कप्प्यांना किती टक्के ठोके दिले, यावर फायदा अवलंबून असतो. हेज आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३६,९३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ९८ टक्क्यांच्या वर चालना मिळणाऱ्यांचे आयुर्मान सर्वांत चांगले दिसले. श्रमात हे प्रमाण घसरते का, हे पाहिल्याशिवाय वेगाच्या बारीक गणितात शिरण्यात अर्थ नसतो. याउलट, वरच्या आणि खालच्या कप्प्यातला थांबा प्रत्येक रुग्णासाठी बारकाईने जुळवण्यावर एकेकाळी मोठी भिस्त होती. ९८० रुग्णांच्या स्मार्ट-एव्ही चाचणीने ती बरीच कमी केली: सोनोग्राफीने किंवा संगणकाने काढलेला थांबा सरसकट १२० मिलिसेकंदांपेक्षा सरस ठरला नाही.

मर्यादा हृदयातच आहे का?

अभ्यासकांचा एक गट संपूर्ण चर्चेलाच वेगळ्या दिशेने नेतो. दीर्घकाळ आजारी माणसाचे पायांचे स्नायू झडतात, रक्तात लोह कमी असते, दम लागेल या भीतीने तो चालणेच सोडतो. २००९ च्या फेअर-एचएफ चाचणीत लोहाची कमतरता असलेल्या ४५९ रुग्णांना शिरेतून लोह दिल्यावर त्यांचे सहा मिनिटांचे चालणे सुधारले. त्याच वर्षीच्या एचएफ-अॅक्शनमध्ये २,३३१ रुग्णांना नियमित व्यायाम सुरक्षित असल्याचे आणि त्याने जीवनमान थोडे का होईना सुधारत असल्याचे दिसले. ज्या भागात रक्तक्षय घरोघरी आहे, तिथे पेसमेकरचा वेग ७० करावा की ७५, याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पाहिले पाहिजे, हे या गटाचे म्हणणे अनाठायी नाही.

भारतीय रुग्णाबद्दल आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी लागते. त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीतल्या १,२०५ रुग्णांचे सरासरी वय ६१ होते. पाश्चात्त्य नोंदींतले रुग्ण याहून बरेच वयस्कर असतात. मायपेस आणि रॅपिड-एचएफचे निष्कर्ष व्हरमाँट आणि मिनेसोटातल्या रुग्णांवरून आले आहेत. साठीच्या आतल्या, अजून शेतात काम करणाऱ्या माणसाला ते जसेच्या तसे लागू करता येतील, असे गृहीत धरणे घाईचे ठरेल.

यंत्र बसवल्यानंतरची वाट

महाराष्ट्रात पेसमेकर मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. ठाणे जिल्हा त्या यादीत नव्हता, तो नोव्हेंबर २०१३ च्या राज्यव्यापी टप्प्यात आला. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते आणि पेसमेकर बसवण्याचा खर्च तिच्यातून होतो. त्याआधी अनेकांसाठी यंत्राची किंमतच शेवटचा शब्द होती. वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयाचा अनुभव याची साक्ष देतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसरातल्या मृत रुग्णांच्या शरीरातून, नातेवाइकांच्या संमतीने १२१ पेसमेकर काढले गेले. त्यातल्या पुरेशी बॅटरी उरलेल्या ५३ यंत्रांचे निर्जंतुकीकरण करून ती या रुग्णालयात पाठवली गेली आणि गरीब रुग्णांना बसवली गेली, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ती सुरक्षित आढळली. वापरलेल्या आयसीडी, म्हणजे धोकादायक ठोके धक्क्याने थांबवणाऱ्या यंत्रांबद्दलही पावरी, लोखंडवाला आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मुंबईतला असाच अनुभव मांडला.

यंत्र मिळाल्यावर त्याची सेटिंग कोण आणि कुठे पाहणार, हा पुढचा टप्पा आहे. पेसमेकरशी बोलणारा प्रोग्रॅमर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. म्हणून मशीन चेक करायचे तर रुग्णाने पेसमेकर कार्ड घेऊन, त्या कंपनीचा इंजिनियर जिथे आणि ज्या दिवशी येणार तिथे जायचे. आटगावहून ते ठिकाण बहुधा ठाणे किंवा मुंबई असते. आसनगावच्या पुढे फक्त कसारा लोकल येते. मुंबईत परळच्या रुग्णालयात जाऊन परतायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. मुरबाडच्या रुग्णाला तर आधी एसटीने कल्याण गाठावे लागते. अशा भेटीत बॅटरी आणि तारा ठीक आहेत एवढे पाहून कार्डावर सही होते. चालवून पाहायला वेळही नसतो आणि जागाही.

घरातून फोनद्वारे माहिती पाठवणाऱ्या यंत्रांनी यात काही बदल होईल, अशी आशा आहे. बॅटरी, ठोक्यांची नोंद, अनियमितता हे सगळे दूरवरून दिसते. पण सेटिंग बदलण्यासाठी रुग्णाला अजूनही बहुतेक वेळा प्रोग्रॅमरसमोर यावेच लागते, आणि ही सोय महागड्या यंत्रांत अधिक असते.

काय सुटले, काय उरले

सुटलेले थोडे आहे, पण कामाचे आहे. नाडी अर्ध्यावर आणणारी चुकीची मर्यादा दुरुस्त करावी, सीआरटीची चालना ९८ टक्क्यांच्या वर ठेवावी, कमजोर हृदयाला उजव्या कप्प्याची अनावश्यक चालना टाळावी, यावर दुमत नाही. हृदयाच्या विद्युतमार्गातल्या हिज बंडल आणि डाव्या शाखेजवळ तार बसवून नैसर्गिक मार्गानेच चालना देण्याचे तंत्र गेल्या काही वर्षांत झपाट्याने पसरते आहे. त्यामुळे वेग वाढवला तरी जुळणी बिघडत नाही, आणि डेव्हिडच्या काळात अडकून पडलेला प्रश्न आता स्वच्छपणे विचारता येतो.

उरलेले अधिक आहे. पंपिंग कमी असलेल्या हृदयासाठी लीड्सची पद्धत इतर केंद्रांत आणि लांब मुदतीत टिकते का? ताठर हृदयासाठी विश्रांतीतला ७५ चा वेग खरोखर उपयोगी आहे की तो एका केंद्राचा अनुभव आहे? आणि बीटा ब्लॉकर कमी करणे व पेसमेकरचा वेग वाढवणे या दोन्हींची एकाच गटात, समोरासमोर तुलना केली तर काय दिसेल?

मोजमापाचा प्रश्नही उघडा आहे. ट्रेडमिल, सायकल आणि मुखवट्यातून मोजलेला प्राणवायू यांवर उभे असलेले पुरावे ओझे घेऊन चढणाऱ्या, वाकून लावणी करणाऱ्या माणसाबद्दल थोडेच सांगतात. सहा मिनिटे चालण्याची चाचणी १९८० च्या दशकात हार्ट फेल्युअरसाठी वापरात आली ती साधेपणामुळेच. तिला ३० मीटरची सपाट, सरळ जागा, दोन खुणा आणि एक घड्याळ लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा व्हरांडा किंवा शाळेचे आवार त्यासाठी पुरते. तिथे घेतलेली नोंद रुग्णाने ठाण्याला किंवा मुंबईला तपासणीला जाताना सोबत न्यावी, तिथे रेट हिस्टोग्रॅमशी ताडून सेटिंग बदलावी आणि महिन्याने त्याच जागेवर पुन्हा चालवून पाहावे, अशी साखळी शहापूर-मुरबाडसारख्या भागात उभी करता येईल. सपाटीवर वाढलेले अंतर डोक्यावर हंडा असताना चढावरही वाढते का, हे मात्र तशा चढावरच वेगळे मोजावे लागेल.